आभासी फोनवर वेबसाइट आणि अ‍ॅप तपासताना: तीनच फोन ठेवा, पण नीट ठेवा

नव्यानं टेस्टिंग शिकणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सांगतं, "इम्युलेटर टाक आणि बघ." इम्युलेटर म्हणजे लॅपटॉपवर चालणारा आभासी फोन. टाकायला काही अवघड नसतं, अवघड जातं ते पुढचं. महिन्याभरात यादीत सारख्या नावांचे सात-आठ फोन जमतात, डिस्क भरत येते, कुठल्या फोनवर कुणाचं लॉगिन आहे ते कुणालाच आठवत नाही आणि काल सापडलेला बग आज पुन्हा दाखवता येत नाही. हा लेख त्या पुढच्या भागासाठी आहे. माझं ठाम मत आहे की नवशिक्यानं तीनच आभासी फोन ठेवावेत, पण त्या प्रत्येकावर या क्षणी काय आहे हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यावं.

आधी हे वेगळं करून घ्या

वेबसाइट फोनवर कशी दिसते हे पाहायला बरेच जण क्रोममधला डिव्हाइस मोड वापरतात. डेव्हलपर टूल्स उघडून कंट्रोल-शिफ्ट-एम दाबलं की पान फोनच्या रुंदीचं होतं. मांडणी पटकन पाहायला हे उत्तम आहे. पण तिथं बदलतं काय? पानाची रुंदी, पिक्सेलचं प्रमाण, स्पर्शाचे इव्हेंट आणि ब्राउझर स्वतःची ओळख काय सांगतो एवढंच. पान रंगवणारं इंजिन तुमच्या लॅपटॉपवरच्या क्रोमचंच राहतं. यादीतून आयफोन निवडला म्हणून सफारी मिळत नाही. भारतात आयफोनवर क्रोम घेतलं तरी आत ॲपलचं वेबकिट हेच इंजिन चालतं, त्यामुळे ‘क्रोममध्ये पाहिलं, ठीक आहे’ या वाक्याला आयफोनच्या बाबतीत फारसा अर्थ उरत नाही.

अँड्रॉइडचा इम्युलेटर हे पूर्ण आभासी यंत्र असतं. त्यात खरंखुरं अँड्रॉइड बूट होतं, त्याला स्वतःचं कर्नेल असतं, स्वतःचं नेटवर्क असतं. ॲपलचा सिम्युलेटर तसा नाही. तिथं आयओएसच्या लायब्ररी थेट मॅकवर चालतात आणि तुमचं अ‍ॅपही मॅकवरची एक प्रक्रिया म्हणूनच चालतं. म्हणून तो झटकन उघडतो आणि म्हणूनच वेग, मेमरी, बॅटरी यांबद्दल त्याच्यावर विसंबता येत नाही. आयफोन सिम्युलेटरला मॅक आणि एक्सकोड (ॲपलचं अ‍ॅप बनवण्याचं सॉफ्टवेअर) लागतोच, विंडोज किंवा लिनक्सवर तो चालत नाही. मॅक नसेल तर प्लेराइट या ब्राउझर-टेस्टिंगच्या साधनाबरोबर येणारं वेबकिट विंडोजवरही चालतं. ती सफारी नव्हे, पण मांडणीतले पुष्कळ दोष तिथं पकडले जातात.

लॅपटॉपची तयारी

अँड्रॉइड स्टुडिओ (अँड्रॉइड अ‍ॅप बनवण्याचं सॉफ्टवेअर, इम्युलेटर त्यातूनच मिळतो) आणि इम्युलेटर एकत्र चालवायचे तर १६ जीबी रॅम असलेली बरी. ८ जीबीवर काम अडत नाही, पण मग एका वेळी एकच आभासी फोन चालवायचा आणि फोन एकदा बनवून झाला की स्टुडिओ बंद ठेवायचा. कमांड लाइनवरून ‘इम्युलेटर’ या कमांडला डॅश-लिस्ट-एव्हीडीज (एव्हीडी म्हणजे आभासी फोन) जोडलं की बनवलेल्या फोनांची यादी मिळते आणि डॅश-एव्हीडी लिहून पुढं नाव दिलं की तो फोन स्टुडिओशिवाय उघडतो.

त्याआधी प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशन, म्हणजे आभासी यंत्रं चालवण्याची, सुविधा चालू आहे का ते बघा. विंडोजवर टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, सीपीयू इथं ‘व्हर्च्युअलायझेशन’समोर ‘एनेबल्ड’ दिसायला हवं. नसेल तर बायोसमध्ये जाऊन चालू करावं लागतं. इंटेलच्या मशीनवर ते व्हीटी-एक्स या नावानं आणि एएमडीच्या मशीनवर एसव्हीएम या नावानं सापडेल. मग विंडोजच्या फीचर्सच्या यादीत ‘विंडोज हायपरव्हायझर प्लॅटफॉर्म’वर टिक करून मशीन रीस्टार्ट करा. लिनक्सवर केव्हीएम लागतं, मॅकवर वेगळं काही करावं लागत नाही. जुन्या ट्युटोरियलमध्ये हॅक्सम, म्हणजे इम्युलेटरचा वेग वाढवणारं इंटेलचं साधन, टाकायला सांगितलेलं सापडेल. इंटेलनं ते २०२३ मध्ये बंद केलं, त्यामागं लागू नका.

आणखी एक अडचण आपल्याकडे हमखास येते. विंडोजवरच्या युजरचं नाव देवनागरीत असलं की फोनच्या फाइल्स ज्या फोल्डरात जातात त्याच्या पत्त्यातही देवनागरी येतं आणि इम्युलेटर अडू शकतो. अशा वेळी फाइल्सची जागा बदलावी. ‘अँड्रॉइड एव्हीडी होम’ नावाचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बनवा, सगळी अक्षरं इंग्रजी कॅपिटल आणि शब्दांमध्ये अंडरस्कोर. त्यात दुसऱ्या ड्राइव्हवरचा साधा इंग्रजी पत्ता द्या. सी ड्राइव्ह भरलेला असेल त्यांनाही हाच उपाय उपयोगी पडतो.

कोणते तीन?

पहिला, अलीकडच्या अँड्रॉइडचा मध्यम पडद्याचा. स्टुडिओच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘मीडियम फोन’ नावाचा साचा आहे, १०८० × २४०० पिक्सेलचा. रोजचं काम यावर होतं.

दुसरा, तुमचं अ‍ॅप ज्या सगळ्यात जुन्या आवृत्तीवर चालेल असं तुम्ही सांगता त्या आवृत्तीचा आणि लहान पडद्याचा. ‘स्मॉल फोन’चा साचा ७२० × १२८० चा आहे. बटणं खाली ढकलली जाणं, कीबोर्ड उघडला की रकाना झाकला जाणं, मराठी मथळा तीन ओळींत फुटणं, हे सगळं याच फोनवर कळतं. माझ्या मते तिघांत सर्वांत कामाचा हाच, आणि लोक नेमका हाच बनवत नाहीत.

तिसरा आयफोन. मॅक असेल तर सिम्युलेटरमध्ये ३७५ पॉइंट रुंदीचा आयफोन एसई घ्या, कारण तिथं बसलेली मांडणी मोठ्या पडद्यावर सहसा मोडत नाही.

टॅब्लेट, फोल्ड होणारा फोन वगैरे गरज पडेल तेव्हा बनवावेत आणि काम झालं की काढून टाकावेत.

फोन बनवताना

डिव्हाइस मॅनेजरमध्ये अधिक चिन्ह दाबून साचा निवडला की सिस्टिम इमेज, म्हणजे फोनवर चढणारं तयार अँड्रॉइड, विचारली जाते. इथं थोडं थांबून निवडा. एकाच अँड्रॉइड आवृत्तीच्या वेगवेगळ्या इमेज असतात. ‘गुगल प्ले’वाल्या इमेजमध्ये प्ले स्टोअर असतं, त्यामुळे क्रोम आणि वेबव्ह्यू (अ‍ॅपच्या आत वेब पान दाखवणारा भाग) अपडेट करता येतात. इमेजबरोबर आलेलं क्रोम बरंच जुनं असू शकतं, म्हणून वेबसाइट तपासणाऱ्यानं हीच घ्यावी. ‘गुगल एपीआय’वाल्या इमेजमध्ये प्ले स्टोअर नसतं, पण रूट अधिकार मिळतात आणि अ‍ॅपच्या आतल्या फाइल्स पाहता येतात. प्लेवाल्या इमेजवर ते अधिकार मिळत नाहीत. प्रोसेसरचा प्रकार स्टुडिओ सुचवतो तोच ठेवा: इंटेल किंवा एएमडीवर एक्स८६, ॲपल सिलिकॉनवर आर्म.

प्ले स्टोअरमध्ये लॉगिन करायला वेगळं टेस्टिंगचं गुगल खातं काढा. स्वतःचं खातं आभासी फोनवर कधीही टाकू नका. तो फोन उद्या सहकाऱ्याला द्याल, त्याचा स्क्रीनशॉट अहवालात जाईल, आणि तुमचे मेल त्यात दिसतील.

नाव देताना साच्याचं नाव तसंच ठेवू नका. फोन कशासाठी आहे ते नावात यावं: ‘ए१५-रोजचा’, ‘ए१०-लहान-मराठी’ असं काहीसं. नाव इंग्रजी अक्षरांतच लिहा. फोन सुरू झाल्यावर पडदा काळा राहिला किंवा लुकलुकला, तर एडिटमध्ये जाऊन ग्राफिक्स ‘सॉफ्टवेअर’ करून पाहा. वेग कमी होईल, पण पडदा दिसेल.

स्वच्छ स्थिती जपा

सगळ्या व्यवस्थेचा कणा हा आहे. इम्युलेटर बंद करताना आपली स्थिती जपून ठेवतो आणि पुढच्या वेळी तिथूनच उठतो. याला क्विक बूट म्हणतात. वेळ वाचतो खरा, पण परवाचं लॉगिन, अर्धवट भरलेला फॉर्म, तेव्हा दिलेल्या परवानग्या, सगळं तसंच परत येतं. अशा फोनवर ‘पहिल्यांदा अ‍ॅप उघडणारा ग्राहक’ तपासताच येत नाही.

म्हणून असं करा. फोन बनवला की भाषा, कीबोर्ड, टेस्टिंगचं खातं, क्रोमचं अपडेट हे सगळं एकदाच उरका. तुमचं अ‍ॅप अजून टाकू नका. मग बाजूच्या पट्टीवरचे तीन ठिपके दाबून एक्सटेंडेड कंट्रोल्स उघडा, स्नॅपशॉट्समध्ये जा आणि ‘स्वच्छ’ अशा अर्थाच्या नावानं स्नॅपशॉट, म्हणजे फोनच्या त्या क्षणीच्या स्थितीची नोंद, घ्या. तिथल्याच सेटिंग्जमध्ये बंद करताना क्विक बूटची स्थिती साठवणं बंद ठेवा. प्रत्येक फेरीच्या आधी तो स्नॅपशॉट लोड करायचा. इमेज बदलली, फोनची रॅम बदलली किंवा इम्युलेटर अपडेट झाला की जुना स्नॅपशॉट निकामी होऊ शकतो, म्हणून वरच्या तयारीच्या पायऱ्या एका फाइलमध्ये लिहून ठेवा. फोन पुन्हा उभा करायला मग फार वेळ लागत नाही.

फोन विचित्र वागायला लागला तर आधी ‘कोल्ड बूट’, म्हणजे बंद करून मुळापासून सुरू. त्यानंही भागलं नाही तर ‘वाइप डेटा’. दोन्ही डिव्हाइस मॅनेजरमध्ये फोनच्या नावासमोरच्या मेन्यूत आहेत. नुसतं तुमचंच अ‍ॅप पुसायचं असेल तर ‘एडीबी शेल पीएम क्लिअर’ (एडीबी म्हणजे लॅपटॉपवरून फोनला कमांड देणारं साधन) आणि पुढं पॅकेजचं नाव एवढं पुरतं.

आयफोन सिम्युलेटरमध्ये स्नॅपशॉट नाहीत. तिथं एक फोन नीट तयार करून बंद ठेवायचा आणि ‘सिमसीटीएल क्लोन’ या कमांडनं त्याची प्रत काढून तिच्यावर काम करायचं. प्रत बिघडली की टाकून द्या. डिव्हाइस मेन्यूतलं ‘इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज’ही आहेच.

लॅपटॉपवर चालणारी साइट फोनमध्ये

साइट तुमच्याच मशीनवर लोकलहोस्टवर, समजा ३००० पोर्टवर चालली आहे. अँड्रॉइड फोनमध्ये लोकलहोस्ट टाकलं की ती उघडत नाही, कारण तिथं लोकलहोस्ट म्हणजे तो फोन स्वतः. तुमच्या लॅपटॉपसाठी इम्युलेटरनं १०.०.२.२ हा पत्ता राखून ठेवलाय. पुढं पोर्ट लावा, काम होतं. पण सुरक्षित जोडणी लागणाऱ्या गोष्टी, म्हणजे ठिकाण विचारणं किंवा सर्व्हिस वर्कर (साइटची मागं चालणारी स्क्रिप्ट), या पत्त्यावर चालणार नाहीत. ब्राउझर साध्या एचटीटीपीवर ती सूट फक्त लोकलहोस्टला देतो. त्यासाठी ‘एडीबी रिव्हर्स टीसीपी:३००० टीसीपी:३०००’ ही कमांड द्या. मग फोनमध्येही लोकलहोस्ट चालतं. अ‍ॅप तपासत असाल तर लक्षात असू द्या, अँड्रॉइड ९ पासून साधी एचटीटीपी जोडणी अ‍ॅपला मुळातच बंद असते. ती डेव्हलपरला टेस्टिंगच्या बिल्डमध्ये मुद्दाम उघडून द्यावी लागते.

आयफोन सिम्युलेटर मॅकचंच नेटवर्क वापरतो, तिथं लोकलहोस्ट सरळ चालतं.

पानाच्या आत डोकावायला लॅपटॉपवरच्या क्रोमच्या पत्त्याच्या पट्टीत ‘क्रोम’, कोलन, दोन तिरक्या रेघा आणि ‘इन्स्पेक्ट’ लिहा. फोनमध्ये उघडलेले टॅब तिथं दिसतात. आयफोनसाठी मॅकवरच्या सफारीच्या सेटिंग्जमध्ये, ॲडव्हान्स्ड विभागात, वेब डेव्हलपरसाठीची फीचर्स दाखवण्याचा पर्याय चालू करा. मग डेव्हलप मेन्यूत सिम्युलेटरचं नाव येतं.

मराठी म्हणून जे तपासायलाच हवं

इथं मी जास्त वेळ घेणार आहे, कारण आपल्या भाषेतले दोष आपण पकडले नाहीत तर दुसरं कुणी पकडणार नाही.

फोनची भाषा मराठी करा. सेटिंग्ज, सिस्टिम, लँग्वेजेस. आता समजा एखाद्या पतसंस्थेचं अ‍ॅप आहे आणि त्यात ठेवीची रक्कम भरायची आहे. भाषा मराठी असली की अँड्रॉइड आकडे देवनागरीत छापतो, १२,३४,५६७ असे, लाखाच्या स्वल्पविरामासह. पडद्यावर ते छानच दिसतं. पण डेव्हलपरनं तोच साचा सर्व्हरला पाठवायच्या तारखेसाठी किंवा रकमेसाठी वापरला असेल तर सर्व्हरला देवनागरी अंक जातात आणि व्यवहार फसतो. इंग्रजी भाषेच्या फोनवर हा दोष जन्मात दिसणार नाही. वेबसाइटवरही तसंच. जावास्क्रिप्टला मराठी-भारत हे लोकेल (भाषा आणि प्रदेशाची खूण) देऊन आकडा छापायला सांगितला की तो देवनागरीत येतो. तेव्हा रक्कम, तारीख, ओटीपी, पिनकोड असा प्रत्येक रकाना मराठी फोनवर पूर्ण प्रवास करून पाहा, पावती हाती येईपर्यंत. रकान्यात देवनागरी अंक स्वतः टाइप करूनही बघा. ‘५०००’ लिहिल्यावर अ‍ॅप ते स्वीकारतं, नाकारतं की गप्प बसतं? गप्प बसणं सगळ्यांत वाईट.

पुढं कीबोर्ड. इम्युलेटरमध्ये लॅपटॉपच्या कीबोर्डवरून टाइप केलं की फोनचा कीबोर्ड वर येतच नाही आणि झाकला जाणारा रकाना कुणाच्या लक्षात येत नाही. आयफोन सिम्युलेटरमध्ये कमांड-के दाबून पडद्यावरचा कीबोर्ड उघडा. अँड्रॉइडमध्ये फिजिकल कीबोर्डच्या सेटिंगमध्ये पडद्यावरचा कीबोर्ड दाखवण्याचा पर्याय चालू करा. मग जीबोर्डमध्ये मराठी जोडून खरोखर मराठीत लिहा. जीबोर्ड शब्द बनत असताना अक्षरं बदलत राहतो. प्रत्येक कळीवर शोध सुरू करणारी पेटी अशा वेळी अर्ध्या शब्दावरच धावते. नावाच्या रकान्याची मर्यादाही पाहा. ‘क्षि’ आपल्याला एक अक्षर दिसतं, यंत्र ती चार मोजतं. पंधरा अक्षरांच्या मर्यादेत ‘ज्ञानेश्वर लक्ष्मण’सारखं नावसुद्धा अपुरं राहतं.

आता अक्षरांचा आकार. बटणाची उंची इंग्रजीच्या मापानं ठरवली असेल तर वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार कापले जातात. ‘र्‍हस्व’, ‘ऊर्मी’, ‘ट्रॅक्टर’, ‘कूर्म’ असे शब्द मुद्दाम टाकून पाहा. मग फोनची अक्षरं सर्वांत मोठी करा. अँड्रॉइड १४ पासून ती २०० टक्क्यांपर्यंत जातात. घरातली वडीलधारी माणसं फोन असाच वापरतात, आणि पतसंस्थेचे खातेदार बहुधा तीच असतात. आयफोन सिम्युलेटरमध्ये हे फीचर्स मेन्यूतून करता येतं. तिथंच एक जुनी खोड तपासा: रकान्यातली अक्षरं १६ पिक्सेलपेक्षा लहान असली की सफारी रकान्यावर बोट ठेवताच पान मोठं करते.

ओटीपी, ठिकाण, नेटवर्क

एक्सटेंडेड कंट्रोल्समध्ये फोन या विभागातून आभासी फोनला एसएमएस आणि कॉल पाठवता येतात. ओटीपी आपोआप वाचला जातो का, भरत असताना मध्येच कॉल आला तर फॉर्म टिकतो का, हे बसल्या जागी कळतं. लोकेशनमध्ये नकाशावर ठिकाण निवडता येतं किंवा जीपीएक्स फाइल (प्रवासाच्या मार्गाची नोंद) देऊन फोन रस्त्यानं चालवता येतो.

संथ नेटवर्कसाठी आधी फोनमधलं वायफाय बंद करा, मग सेल्युलर विभागात नेटवर्कचा प्रकार बदला. वेबसाइटपुरतं असेल तर वरच्या इन्स्पेक्ट खिडकीतून वेग कमी करणं जास्त सोपं. आयफोन सिम्युलेटरला स्वतःचा वेग कमी करता येत नाही. ॲपलचं नेटवर्क लिंक कंडिशनर वापरावं लागतं आणि त्यानं सगळ्या मॅकचंच नेट मंदावतं, तेव्हा काम झाल्यावर ते बंद करायला विसरू नका.

डिस्कची साफसफाई

प्रत्येक आभासी फोन काही जीबी जागा घेतो आणि स्नॅपशॉट वेगळे. अँड्रॉइडमध्ये फोन डिलीट केला तरी त्याची सिस्टिम इमेज राहते. ती स्टुडिओच्या एसडीके मॅनेजरमधून वेगळी काढावी लागते. मॅकवर ‘एक्ससीरन सिमसीटीएल डिलीट अनअव्हेलेबल’ ही कमांड निकामी झालेले सिम्युलेटर काढते. जुन्या आयओएसच्या रनटाइम एक्सकोडच्या सेटिंग्जमधून काढा, जागा खरी त्यांनीच अडवलेली असते. महिन्यातून एकदा पुरे.

खऱ्या फोनशिवाय जे कळत नाही

यूपीआय. आभासी फोनमध्ये खरं सिम नसतं आणि बँकांची अ‍ॅप सिमशी बांधलेली असतात, शिवाय इम्युलेटर ओळखून ती चालायलाच नकार देतात. पैसे भरण्याचा टप्पा खऱ्या फोनवरच तपासावा लागतो. कॅमेरा हेही तसंच. आयफोन सिम्युलेटरमध्ये तो नाहीच, आणि अँड्रॉइड इम्युलेटरचा कॅमेरा दाखवतो त्या बनावट खोलीकडे पाहून आधार कार्डाचा फोटो नीट निघेल की नाही हे ठरत नाही. वेगाबद्दल तर कुठलंच विधान इम्युलेटरवरून करू नका, तो तुमच्या लॅपटॉपच्या प्रोसेसरवर धावतो. शाओमी, विवो, ओप्पोसारख्या कंपन्या बॅटरी वाचवण्यासाठी मागं चालणारी अ‍ॅप बंद करतात, त्यामुळे नोटिफिकेशन येत नाहीत. शुद्ध अँड्रॉइडच्या इम्युलेटरवर हे घडत नाही.

दूरवरून खरे फोन भाड्यानं वापरता येतात. गुगलची फायरबेस टेस्ट लॅब आहे, २०११ मध्ये मुंबईत सुरू झालेली ब्राउझरस्टॅक आहे. पण हाताशी एक मध्यम किमतीचा, दोन-तीन वर्षं वापरलेला अँड्रॉइड फोन असणं याला पर्याय नाही. घरात पडलेला जुना फोन चालेल, फक्त त्यातलं खाजगी सगळं पुसून घ्या.

बग लिहिताना त्याबरोबर एवढं द्या: आभासी की खरा फोन, सिस्टिम इमेज कुठली, क्रोमची किंवा वेबव्ह्यूची आवृत्ती, फोनची भाषा, अक्षरांचा आकार, आणि सुरुवात ‘स्वच्छ’ स्नॅपशॉटवरून केली होती का. शेवटचं उत्तर ‘नाही’ असेल तर बग नोंदवण्याआधी स्नॅपशॉट लोड करून पुन्हा एकदा करून पाहा.